गिअर आणि सुट्टी : फ्रान्सच्या डोंगरांत सायकल कशी पोचली

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

हेडफोन नीट लावा, सायकलवर असाल तर एकच कान लावा, आणि सुरू करू.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका फजितीने. तीनेक वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला उतरलो. ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची राईड. पहिला, दुसरा नंबर काही नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. पुण्याहून पहाटे निघालो, साताऱ्याच्या दिशेने. नवी कोरी रोड बाईक, नवी जर्सी, आणि डोक्यात हवा. खंबाटकी घाट सुरू झाला तेव्हा आजूबाजूचे सगळे पटापट पुढचं लहान चक्र लावायला लागले. मी म्हटलं, आपण नाही लावणार. आपण मोठ्यावरच चढणार. का? तर कुणीतरी बघतंय असं वाटत होतं म्हणून. एवढंच कारण.

अर्ध्या घाटात पन्नाशी उलटलेले एक काका माझ्या शेजारून गेले. सगळ्यात हलका गिअर, पाय शिलाई मशीनसारखे टकटक फिरतायत, आणि तोंडाने चक्क गुणगुणतायत. मला म्हणाले, "गिअर टाक की रे, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत." मी हसलो आणि नाही टाकला. घाट उतरल्यावर सुरूरच्या अलीकडे दोन्ही मांड्यांत असे गोळे आले की पाय सरळ होईना. एका धाब्यावर बसलो, टेम्पोवाल्याला विनवलं आणि सायकल मागे टाकून घरी आलो.

नंतर पाय चोळत बसलेलो असताना मी वाचायला लागलो, की हा गिअर आला कुठून? आणि वाचता वाचता कळलं, की मी खंबाटकीत जे केलं त्यावर फ्रान्समध्ये जवळजवळ पन्नास वर्षं भांडण चाललं होतं. हलका गिअर लावणं म्हणजे कमजोरी की अक्कल? त्या भांडणाच्या शेजारी दुसरंही एक भांडण चालू होतं : सुट्टी मागणं म्हणजे आळस की हक्क? दोन्हींचे निकाल जेमतेम वर्षभराच्या अंतराने लागले. आज तीच गोष्ट.

कोळसा, रिबिनी, बंदुका

फ्रान्सचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधोमध, थोडं दक्षिणेला, सेंत एतिएन नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकात ते तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं : कोळशाच्या खाणी, रेशमी रिबिनी आणि बंदुका. थोडक्यात, धूर, धागा आणि दारूगोळा. बंदुकीची नळी बनवणाऱ्या हातांना सायकलच्या नळ्या अवघड गेल्या नाहीत, आणि पुढे हे शहर फ्रान्समधल्या सायकल उद्योगाचं माहेरघर झालं. तिथल्या एका मोठ्या कारखान्याच्या तर नावातच 'शस्त्रं आणि सायकली' असे दोन्ही शब्द होते.

शहर डोंगराच्या कुशीत आहे. दक्षिणेला निघालात की पिला नावाच्या डोंगररांगेतून घाट चढायला लागतो आणि वर एक खिंड येते, कोल द ला रेपुब्लिक. फ्रेंचमध्ये 'कोल' म्हणजे आपली खिंड. उंची ११६१ मीटर. शहरापासून साधारण तेरा किलोमीटरचा चढ. अंदाज यावा म्हणून सांगतो : वाईतून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना जेवढं चढतो, जवळपास तेवढंच. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, वर गेलं की हवा गार, आणि पलीकडे उतरलं की ऱ्होन नदीचं खोरं, द्राक्षांचे मळे आणि मग थेट दक्षिणेचं ऊन. मी फ्रान्सला गेलेलो नाही, आधीच सांगून टाकतो. पण हा घाट मी लॅपटॉपवर स्ट्रीट व्ह्यूमध्ये पूर्ण 'चढलोय'. मांड्यांत गोळे आले नाहीत.

या शहरात पॉल द विवी नावाचा एक माणूस रेशमाचा व्यापार करायचा. जन्म १८५३चा, गाव दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये. धंदा बरा चालला होता. १८८१मध्ये त्याने पहिली सायकल घेतली. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे भलंमोठं चाक, मागे इवलंसं. त्यावरून पडणं म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणं. पण या माणसाला वेडच लागलं. काही वर्षांत त्याने रेशीम सोडलं, सायकलींचं दुकान काढलं, आणि १८८७मध्ये एक मासिक सुरू केलं, जे पुढे 'ल सिक्लिस्त' म्हणून ओळखलं गेलं. त्यात तो 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचा. आपणही त्याला आता वेलोसिओच म्हणू.

मंडळी, बघा हं, चांगला चाललेला धंदा सोडून नव्या तंत्रज्ञानाचं दुकान आणि त्याच विषयावर नियमित लिखाण. आज असता तर यूट्यूब चॅनेल असता त्याचा.

पाईप ओढणारा वाचक

वेलोसिओची एक गोष्ट सायकलवाल्यांत फार सांगितली जाते. साल १८८९. तोपर्यंत मोठं चाक जाऊन दोन सारख्या चाकांची, चेनची सायकल आली होती. आपला वेलोसिओ कोल द ला रेपुब्लिकच्या घाटात धापा टाकत चढतोय. वय ३६. तेवढ्यात मागून त्याच्याच मासिकाचा एक वाचक येतो आणि त्याला मागे टाकून निघून जातो. आणि तोंडात काय? पाईप! आरामात धूर सोडत.

माझ्या खंबाटकीतल्या काकांची आठवण झाली ना? मलाही झाली. फरक एवढाच, की मी टेम्पो पकडला आणि वेलोसिओने विचार सुरू केला.

आता दोन मिनिटं इंजिनिअरिंग. घाबरू नका, परीक्षा नाहीये. सायकलला पुढे एक दातेरी चक्र, मागे एक, आणि मध्ये चेन. पुढे ५० दाते आणि मागे २५ असतील, तर पेडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे दोन फेरे. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर एका फेऱ्यात सायकल ४.२ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर मस्त. पण घाटात त्या प्रत्येक फेऱ्याला स्वतःला आणि सायकलला ४.२ मीटर चढावर ढकलायचं असतं. तेच पुढे ३४ आणि मागे २८ केलं, तर एका फेऱ्यात अडीच मीटर. काम तेवढंच, पण लहान लहान हप्त्यांत. ईएमआय समजा. एकरकमी भरताना जो माणूस मोडला असता, तो हप्त्यांत आरामात फेडतो.

त्या काळच्या सायकलला एकच गिअर. चढासाठी हलका घेतला, तर सपाटीवर पाय गरगरा फिरतात आणि सायकल पुढे जात नाही. सपाटीसाठी जड घेतला, तर घाटात उतरून ढकलायची. वेलोसिओने सरळ उपाय केला : पुढे दोन चक्रं बसवली. घाट आला की उतरायचं, चेन हाताने उचलायची, लहान चक्रावर टाकायची आणि पुन्हा बसायचं. हात काळे व्हायचे, पण घाट बसून चढता यायचा. मग पुढची बरीच वर्षं हा माणूस प्रयोगच करत राहिला. दोन गिअर, चार गिअर, नाना यंत्रणा, आणि प्रत्येक यंत्रणा स्वतः डोंगरात नेऊन बघायची. चाललं तर मासिकात लिहायचं, नाही चाललं तरी लिहायचं. मला त्याचं हे सगळ्यात आवडतं. बग रिपोर्ट लपवायचा नाही.

चालता चालता चेन हलवण्याची युक्ती हळूहळू सुधारत गेली. तिला आपण आजही 'डिरेलर' म्हणतो. हा शब्द रेल्वेचा आहे. गाडी रुळावरून घसरते तेव्हा जे होतं, ते चेनचं मुद्दाम करायचं, आणि शेजारच्या रुळावर अलगद बसवायचं. म्हणजे आपण रोज बोटाने जे करतो तो एक आटोपशीर रेल्वे अपघात आहे. सेंत एतिएनच्याच जोआनी पानेलने असा एक डिरेलर बनवून विकायला काढला. नाव ठेवलं 'ल शमिनो', म्हणजे भटक्या. नावातच कळतं, हा शर्यतवाल्यांसाठी नव्हता.

कारण वेलोसिओ आणि त्याची मंडळी शर्यत लावायला निघतच नव्हती. खेड्यापाड्यांतून, घाटांतून, स्वतःच्या दमाने फिरायचं, लांब जायचं, बघायचं. या फिरण्याला 'सिक्लोतुरिझ्म', सायकल पर्यटन, हे नावसुद्धा त्याच्याच नावावर सांगतात. ईस्टरच्या सुट्टीत ही टोळी रात्रीच निघायची, दिवे लावून खिंड ओलांडायची आणि सकाळी दक्षिणेच्या उन्हात, प्रोव्हान्समध्ये पोचायची.

त्याने फिरणाऱ्यांसाठी सात नियम सांगितले. मी माझ्या शब्दांत सांगतो. थांबे कमी आणि छोटे ठेवा. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, थोडं थोडं, पण वारंवार. इतके दमू नका की जेवण आणि झोप दोन्ही जाईल. थंडी वाजायच्या आधी अंगात घाला, उकडायच्या आधी काढा. निदान राईडमध्ये तरी दारू, मांस आणि तंबाखू लांब ठेवा. पहिल्या काही तासांत तर मुळीच जोर लावू नका. आणि सातवा : दिखाव्यासाठी पेडल मारू नका.

स्वतः वेलोसिओ पक्का शाकाहारी होता, त्यामुळे पाचवा नियम त्याला सोपा होता. मला सातवा लागला. खंबाटकीच्या पायथ्याशी कुणीतरी पाटीवर लिहून ठेवायला हवा होता.

'पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी'

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. आँरी देग्रांज. १८९३मध्ये याने एका तासात ३५ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापून विक्रम केला होता. पुढे 'लोतो' नावाच्या खेळाच्या दैनिकाचा संपादक झाला आणि पेपरचा खप वाढवायला १९०३मध्ये एक शर्यत सुरू केली. टूर द फ्रान्स. होय, तीच. आणि पहिल्याच वर्षी दुसऱ्या टप्प्यात ल्योंहून मार्सेला जाताना शर्यत कुठून गेली? कोल द ला रेपुब्लिकवरून. वेलोसिओच्या अंगणातून.

पण देग्रांजला गिअर मान्य नव्हते. शर्यत सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९०२मध्ये, टूरिंग क्लब द फ्रान्सने पर्यटनाच्या सायकलींची एक चाचणी घेतली होती, भरपूर चढ असलेल्या मार्गावर. त्यात मार्थ एस नावाची एक बाई तीन गिअरच्या 'गोल्वाझ' सायकलवर होती. त्या वेळच्या वृत्तांतानुसार अख्ख्या मार्गात तिने पाय जमिनीला टेकवला नाही.

एक छोटं वळण घेतो, कारण हे मला राहवत नाही. त्या काळात पॅरिसमध्ये बाईने पँट घालणं कायद्याने गुन्हा होता. १८००चा पोलिसी हुकूम होता तसा. मग १८९२ आणि १९०९मध्ये परिपत्रकं निघून सवलत मिळाली : हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल, तर पँट चालेल. म्हणजे सायकल भिंतीला टेकवली की तुम्ही गुन्हेगार. हा हुकूम आता लागू नाही, हे सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३मध्ये. आपल्या सरकारी फायली उगाच बदनाम आहेत.

असो, चाचणी झाली, आणि देग्रांजचं मत काय? की गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक. यंत्राच्या युक्तीने जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या जोरावर जिंकणं श्रेष्ठ. आपण सगळे मऊ पडत चाललोय. असा एकूण सूर. त्याला शर्यतीत माणूस तोलायचा होता, यंत्र नाही. त्याची बाजूही समजून घेऊ. सगळ्यांना सारखी सायकल दिली तरच पाय कुणाचे चांगले ते कळणार, यात तथ्य आहे.

पण परिणाम बघा. १९१०मध्ये टूर पिरेनीजच्या मोठ्या डोंगरांत गेली. जगातले तगडे सायकलपटू, आणि तूरमालेच्या चढावर बरेच जण सायकली ढकलत चाललेले. त्या वर्षी पुढे विजेता ठरलेला ऑक्ताव्ह लापीझसुद्धा काही अंतर पायीच गेला. पुढेही बरीच वर्षं पद्धत अशी, की मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळी दातेरी चक्रं, एक सपाटीचं, एक चढाचं. घाट आला की उतरायचं, चाक सोडवायचं, उलटं करून बसवायचं. वर पोचलं की पुन्हा तेच. थंडीत बोटं बधिर झालेली, आणि हा उद्योग. इकडे त्याच डोंगरांत सहलीला आलेला एखादा मास्तर किंवा औषधवाला नुसता खटका ओढून चढून जात होता!

म्हणजे सगळ्यात चांगलं तंत्र हौशी लोकांकडे, आणि सगळ्यात जुनं व्यावसायिकांकडे. कारण एकच : इभ्रत.

वेलोसिओला हा वाद संपलेला बघायला मिळाला नाही. १९३०च्या सुरुवातीला, ७६व्या वर्षी, सेंत एतिएनच्या रस्त्यात सायकल हातात धरून चालताना ट्रामची धडक बसून तो गेला. इतके घाट, इतक्या रात्री, आणि शेवटी घराजवळची ट्राम. त्याच्या हयातीतच, १९२२पासून, शहरातले सायकलवाले त्याच्या सन्मानार्थ दरवर्षी खिंडीपर्यंत चढून जायला लागले होते. वर त्याचं स्मारक आहे.

डोंगर रविवारी बंद नसतो, पण तुम्ही असता

इथपर्यंत गोष्ट गिअरची. पण वाचता वाचता मला एक प्रश्न पडला. हे डोंगरात फिरणारे लोक होते कोण? दुकानदार, डॉक्टर, मास्तर, वकील. सेंत एतिएनच्या खाणीतला कामगार होता का त्यात? सुरुवातीला नाहीच. एक तर १८९०च्या दशकात चांगली सायकल म्हणजे कामगाराचा काही महिन्यांचा पगार. पुढे सायकली स्वस्त झाल्या, विसाव्या शतकात कामगार सायकलवरूनच कारखान्यात जायला लागला. म्हणजे सायकल आली. गिअरही हळूहळू आले. मग अडलं काय?

वेळ.

आपण इलेक्ट्रिक स्कूटरची रेंज विचारतो ना, की एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर? तशी सायकलस्वाराचीही एक रेंज असते, आणि ती पायांपेक्षा सुट्टीवर ठरते. फ्रान्समध्ये आठवड्याची एक सुट्टी कायद्याने मिळाली ती १९०६मध्ये. त्याआधी रविवारसुद्धा मालकाच्या मर्जीवर. रविवार मिळाला म्हणजे काय? सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढंच जग. सेंत एतिएनवाल्याला शेजारची खिंड. पॅरिसवाल्याला नदीकाठ. १९१९मध्ये आठ तासांचा दिवस मिळाला. म्हणजे संध्याकाळी गावाबाहेर एक चक्कर. पण आल्प्स? समुद्र? दक्षिणेची खेडी? त्यासाठी सलग दिवस लागतात, आणि त्या दिवसांचा पगार कापला जाऊन चालत नाही.

मग आलं १९३६. निवडणुकीत डाव्या पक्षांची आघाडी जिंकली, लेओं ब्लूम पंतप्रधान होणार हे ठरलं. पण त्याने सूत्रं हातात घ्यायच्या आधीच देशभर संप सुरू झाले. कामगार कारखान्यात गेले आणि बाहेरच येईनात. आतच मुक्काम, आतच जेवण, आतच ॲकॉर्डियन आणि नाच. सुमारे २० लाख लोक संपावर. ७ जूनच्या रात्री मालक आणि संघटनांचा करार झाला, आणि २० जून १९३६ला कायदा आला : वर्षाला पंधरा दिवस भरपगारी रजा. दुसऱ्याच दिवशी चाळीस तासांचा आठवडा.

ब्लूमने खेळ आणि फुरसतीसाठी स्वतंत्र खातं काढलं आणि ते दिलं लेओ लाग्रांज नावाच्या पस्तिशीतल्या वकिलाला. विरोधकांनी लगेच नाव ठेवलं : आळसाचं मंत्रालय. घ्या! गिअर म्हणजे कमजोरी, सुट्टी म्हणजे आळस. शब्द वेगळे, सूर तोच. कष्ट दिसले पाहिजेत, घाम गळला पाहिजे, नाहीतर तुम्ही माणूस म्हणून कमी.

लाग्रांजने ऑगस्टमध्ये रजेवर जाणाऱ्यांसाठी रेल्वेचं सवलतीचं तिकीट काढलं, ४० टक्के सूट. पहिल्याच वर्षी सुमारे ६ लाख लोकांनी ते घेतलं. पण कामगारांच्या एकूण संख्येपुढे हा आकडा लहान होता. अनेकांकडे हॉटेलचेच काय, तिकिटाचेही पैसे नव्हते. त्यांच्याकडे काय होतं? सायकल. कोणाकडे दोघांची टँडम. मागे तंबू बांधलेला, पातेलं लटकवलेलं, बायको मागे, नवरा पुढे, आणि निघाले. रात्री नदीकाठी तंबू, कुणा शेतकऱ्याच्या गवताच्या कोठारात, नाहीतर युवा वसतिगृहात. १९२९मध्ये मार्क सान्येने फ्रान्समधलं पहिलं युवा वसतिगृह उघडलं होतं, आणि आता ती भराभर वाढत होती. साधी खाट, सामायिक स्वयंपाकघर, मुलं आणि मुली दोघांनाही प्रवेश. ज्यांनी आपल्या गल्लीपलीकडचं जग पाहिलं नव्हतं, त्यांनी त्या उन्हाळ्यात आपलाच देश पहिल्यांदा पाहिला. तोही बारा-पंधराच्या वेगाने, म्हणजे नीट दिसेल अशा.

आणि इकडे टूर द फ्रान्सचं काय झालं? १९३६मध्येच आजारी देग्रांजने शर्यतीची सूत्रं सोडली. पुढच्या वर्षी, जुलै १९३७मध्ये, टूरमध्ये पहिल्यांदा डिरेलरला परवानगी मिळाली. रोजे लापेबी डिरेलर वापरून जिंकलेला पहिला विजेता ठरला. जून १९३६ला सुट्टी, जुलै १९३७ला गिअर. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. कायदा संपाने आणला, गिअर आयोजक बदलल्यावर आले. पण दोन्हीकडे हरली ती एकच समजूत : की त्रास जितका जास्त, तितकी किंमत जास्त.

जुळे स्वेटर

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण १९४० आलं. जर्मनीने फ्रान्सवर चाल केली. लेओ लाग्रांज आघाडीवर गेला आणि जूनमध्ये मारला गेला. वय ३९. देश सहा आठवड्यांत पडला. नवीन विशी सरकारने पराभवाचं खापर फोडायला माणसं शोधली आणि ब्लूमला अटक केली. १९४२मध्ये रिओं नावाच्या गावात खटला भरला. आरोपातला एक भाग हा, की तुमच्या चाळीस तासांच्या आठवड्यामुळे आणि सुट्ट्यांमुळे देश ढिला पडला, शस्त्रं कमी बनली.

विचार करा. सत्तरीला आलेला माणूस, शत्रूच्या छायेत चाललेलं कोर्ट, आणि आरोप काय, तर लोकांना सुट्टी दिली. ब्लूमने आकड्यांनी उत्तर दिलंच. पण त्याने एक आठवणही सांगितली. तो म्हणाला, की मंत्री असताना कार्यालयाबाहेर पडायला फारसं मिळायचं नाही, पण जेव्हा पॅरिसच्या उपनगरांतून जायचो तेव्हा रस्ते जुनाट गाड्यांनी, मोटरसायकलींनी आणि टँडमनी भरलेले दिसायचे. टँडमवर कामगार जोडपी, दोघांच्या अंगात एकसारखे स्वेटर. ते बघून त्याला वाटायचं, की काही झालं तरी आपण या कष्टाच्या, अंधाऱ्या आयुष्यांत थोडा उजेड आणला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या स्वेटरवर अडकलो. पंतप्रधान राहिलेल्या माणसाला जीव धोक्यात असताना काय आठवतंय, तर नवरा-बायकोचे मॅचिंग स्वेटर. खटला सरकारवरच उलटायला लागला, म्हणून तो अर्धवट थांबवला. ब्लूमला पुढे जर्मनांच्या छावणीत नेलं, तिथून तो जिवंत परतला. आणि पंधरा दिवसांची रजा? ती कुणीच परत घेऊ शकलं नाही. उलट वाढत गेली. आज फ्रान्समध्ये ती पाच आठवडे आहे.

आपल्या घाटात

आपला या सगळ्याशी काय संबंध? मी ज्या ब्रेव्हेत तोंडघशी पडलो, ती पद्धत याच मातीतून आली. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या या राईड्सना मान्यता देणारा क्लब पॅरिसचा आहे, १९०४ साली स्थापन झालेला. आज पुणे, मुंबई, नाशिकहून लोक कसारा, वरंधा, आंबोलीच्या चढांवर रात्री दिवे लावून ज्या कार्डावर शिक्के गोळा करतात, त्याचं मूळ तिथे. या चारही राईड्स एकाच वर्षात केल्या, तर चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाता येतं. १२०० किलोमीटर, ब्रिटनीच्या न संपणाऱ्या चढउतारांतून, ९० तासांत. मराठी मंडळी जातात, पूर्ण करून येतात. आणि जो पूर्ण करतो त्याचं नाव यादीत लागतं, नंबर लागत नाही. वेलोसिओला हे आवडलं असतं.

आता शेवटचं, आणि हे माझ्याबद्दल आहे. खंबाटकीनंतर मी गिअर टाकायला शिकलो. दुसऱ्या प्रयत्नात २०० पूर्ण केले, तेरा तासांत, अगदी काठावर. पण सुट्टीचं शिकलो नव्हतो. गेल्या मार्चअखेर ऑफिसच्या पोर्टलवर बघितलं तर माझ्या अकरा रजा वाया गेल्या होत्या. कुणी घेऊ नको म्हटलं नव्हतं. मीच मागितल्या नाहीत. टीममध्ये कुणी घेत नाही, मग आपण कसं मागायचं, रिव्ह्यू जवळ आलाय, कुणीतरी बघतंय. ओळखीचं वाटतंय ना? मोठ्या चक्रावर घाट चढणाराच तो मुलगा, फक्त खुर्चीत बसलेला.

ज्या पंधरा दिवसांसाठी २० लाख लोक कारखान्यांत बसून राहिले, त्यातले अकरा मी नुसते संपू दिले. हे गणित मला अजून टोचतं.

म्हणून यंदा मी मेल पाठवलाय. ऑक्टोबर, सलग नऊ दिवस. पुण्याहून निघून वरंध्याने कोकणात उतरायचं, किनाऱ्याने खाली जायचं आणि आंबोलीने वर यायचं. मागे २८ऐवजी ३४ दातांचं चक्र बसवून घेतलंय. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, हे तर लई सोपं होईल." म्हटलं, होऊ दे.

तुमच्या किती रजा शिल्लक आहेत ते आजच बघा, आणि त्यात कुठला घाट बसतो ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. तोपर्यंत भूक लागायच्या आधी खा, आणि घाट आला की गिअर टाका. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

भेटू!